पुसल्याशिवाय पुसायचे नाही

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला कागदावरच समज. प्रत्यक्ष घालायचा तर आठ अंगांपैकी सहा दुखतात, आणि उरलेली दोन टेकवायची म्हटलं तर आमच्या जमिनीला कुणी टेकलेलं चालत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला कसा आहे? मी दर रविवारी फोन करतो, दाजी दर रविवारी आधी खोकतात आणि मग सांगतात, "ती फरशी पुसतेय." चार महिने झाले, ताई. चार महिन्यांत सोळा-सतरा रविवार येतात, आणि तुमच्या घरात खोल्या तीन. पण मी काही बोलत नाही, पुसत असशील. आज दुकानाला सुट्टी होती, सहज तुझी आठवण आली, म्हटलं फोनवर नाही तर कागदावर तरी ताई भेटते का बघावं. एका हातात कागद धरून फरशी पुसता येत नाही, एवढ्याच आशेवर लिहायला बसलो आहे.

इकडे सर्व ठीक. म्हणजे माणसं ठीक, जमिनीचं वेगळं आहे, ते पुढे येईल. मी अजून त्याच औषधाच्या दुकानात काउंटरमागे दिवसभर उभा असतो, लोकांना पायदुखीवरच्या गोळ्या देतो आणि संध्याकाळी स्वतःचे पाय कसेबसे उचलून घरी आणतो. मालकांनी एक स्टूल दिलंय, पण ते बसायला नाही, वरच्या कप्प्यातलं काढायला. तुझी भावजय ठणठणीत आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांचे चष्म्याचे नंबर काढायचं तिचं काम चालू आहे, आणि तिला स्वतःला पन्नाशी उलटली तरी चष्मा लागलेला नाही. (लोक म्हणतात, नशीब काढलंत. त्यांच्या घरी लॅमिनेटची जमीन नसते.) तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ जिला दाराबाहेरून वाचता येते, अशी बाई घरात आणताना तू आणि बाबांनी फक्त स्वभाव बघितलात. स्वभाव चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

आता जमिनीचं. तू गेल्यावर आठवड्याच्या आत कामाच्या मावशी सोडून गेल्या. हिने त्यांना समोर बसवलं आणि लॅमिनेटबरोबर आलेल्या पुस्तिकेतले नियम वाचून दाखवले. बादली चालणार नाही. साबणाचं पाणी चालणार नाही. फडकं ओलं चालणार नाही, ओलसर हवं. (ओलं आणि ओलसर यातला फरक पुस्तिकेत दिलेला नाही. तो ज्याचा त्याने आयुष्यात शोधायचा.) पुसायचं ते पट्टीच्या लांबीच्या दिशेने, आडवं पुसलं तर डाग दिसतात. आणि पुसून झालं की लगेच कोरड्या फडक्याने पुन्हा पुसायचं, म्हणजे आधी पुसलेलं पुसून टाकायचं. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वर दुमडलेल्या बाह्या खाली घेतल्या आणि म्हणाल्या, "बाई, मी फरशी पुसते, गोंजारत नाही." झालं, गेल्या त्या. तेव्हापासून आमची जमीन मी गोंजारतो, सकाळी सव्वासहाला, दुकानात जाण्याआधी.

तुला वाटेल, त्यात काय एवढं. तू चौदाव्या वर्षापासून शाळेत जायच्या आधी हेच घर पुसत होतीस आणि वर माझी वेणी, चुकलो, माझा भांग पाडत होतीस. पण ताई, तेव्हा खाली फरशी होती. फरशीवर पाणी ओतलं की ती फरशीच राहते. ही लॅमिनेट बाई म्हणजे आत लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला पुठ्ठा आणि वर लाकडाचा नुसता फोटो. दिसते सागवानी आणि स्वभाव बिस्किटाचा! पाणी लागलं की फुगते. तर क्रम असा: आधी मऊ ब्रशने कोरडी झाडायची, कारण वाळूचा एक कण राहिला तरी ओरखडा उठतो. मग बाटलीने दोन फवारे, तेही जमिनीवर नाही, फडक्यावर. त्याआधी फडकं भिजवून पिळायचं आणि हिच्यापुढे धरायचं. हिने दवाखान्यातून एक जुनी काच आणली आहे. ती फडक्यावर दाबते आणि खिडकीच्या उजेडात बघते. काचेवर थेंब दिसला तर पुन्हा पीळ, धुकं दिसलं तर पास. मी पहिल्या आठवड्यात एकदाही पास झालो नाही. आता मनगटं इतकी तयार झाली आहेत की दुकानात औषधाच्या बाटलीचं घट्ट झाकण उघडायचं असलं की सगळे मलाच हाक मारतात, आणि मला त्याचा आनंद होत नाही, नुसता थकवा येतो.

शिवाय खुर्च्यांच्या पायांना जाड कापडाच्या चकत्या लावल्या आहेत, ओरखडे उठू नयेत म्हणून. त्या तू असतानाच लावल्या होत्या, आठवत असेल, तू त्यांना खुर्च्यांचे मोजे म्हणायचीस. फ्रिजवर आठ नियमांचा कागद लावलेला आहे. सात पुस्तिकेतले, आठवा हिचा स्वतःचा: पुसल्याशिवाय पुसायचे नाही. तुला ठाऊक आहेच, हिच्या माहेरी विचारण्याला पुसणंच म्हणतात. लग्नानंतर पहिल्या महिन्यात ही म्हणाली, "बाबांना पुसून घेते," आणि मी फडकं आणून दिलं होतं. तर कुणीही, काहीही, कशानेही पुसण्याआधी हिला पुसायचं, असा तो नियम आहे. तो तुझ्यावर नाही बरं का, ताई. तू गेल्यावर लावला असला तरी माझ्यासाठीच आहे. तुला तर पुसायला कधी कुणी लावलंच नव्हतं, आणि तू कुणाला पुसलं नाहीस असंही नाही.

उलट तू पुसूनच पुसलंस. हे मी आज कागदावर लिहून देतो. भिंतीच्या कडेची सुटलेली पट्टी बसवायला मिस्त्री आले होते, तेव्हा तू मुक्कामाला होतीस. त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं की ही जमीन तरंगती आहे. आता त्यांच्या धंद्यात त्याचा अर्थ असा की ती खाली चिकटवलेली नाही, खिळेही नाहीत. पट्ट्या एकमेकींत अडकवून सगळी जमीन फोमवर नुसती ठेवलेली आहे. जुनी फरशी त्याच्याखाली जशीच्या तशी आहे. पण सरळ मनाच्या माणसाने तरंगती म्हटल्यावर काय समजावं? जे तरंगतं ते पाण्याला भीत नाही, एवढं तर कुणालाही कळतं. तरी तू खात्री केलीस. मी दात घासत होतो, तेव्हा दाराशी येऊन म्हणालीस, "काय रे बारक्या, ही तरंगते म्हणजे हिला पाण्याचं काही नाही ना?" आणि मी म्हणालो, "हं." ताई, तोंडात ब्रश असलेला माणूस दुसरं काय म्हणणार? नाही म्हणायचं तर तोंड उघडावं लागतं. एका "हं"मध्ये आपण तिघेही अडकलो. आम्ही दोघं कामाला गेलो आणि तू दोन बादल्या घेऊन हॉल, स्वयंपाकघर, आतली खोली, सगळं एका दमात पुसून काढलंस. मग बादली दाराशी ठेवून, कमरेवर हात देऊन उभी राहिलीस. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता. पाहुणी म्हणून आठ दिवस नुसतं बसवून ठेवल्यावर नवव्या दिवशी तुला आपलं घर सापडलं होतं.

ही दारातच थांबली. खिडकीतून तिरका उजेड येत होता, आणि खिडकीखालच्या पट्ट्यांच्या कडा कागदाच्या जाडीएवढ्या वर आलेल्या होत्या. मला त्या दिसायला पुढे तीन दिवस लागले. हिला त्या चपला काढायच्या आत दिसल्या. तिने कडांकडे बघितलं, मग बादलीकडे बघितलं, आणि म्हणाली, "असू दे." ओरडली असती तर बरं झालं असतं! लग्न झालेल्या कुठल्याही माणसाला विचार, "असू दे"मध्ये काय काय असतं ते. तू फडकं गॅलरीत वाळत घातलंस, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेलीस, सहा दिवस आधी. मी स्टँडवर सोडायला आलो, तर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस की आता तुमच्या घरात मला वावरता यायचं नाही. मी काहीतरी पुटपुटलो, पण तेवढ्यात गाडी सुटली.

तुझ्या माघारी इथे जे झालं ते थोडक्यात लिहितो. (थोडक्यात लिहायची मला सवय नाही, हे तूच लावलेलं वळण.) आधी मी ठरवलं की फुगलेल्या कडा दाबल्या की बसतील. म्हणून त्यांच्यावर जड वस्तू ठेवल्या: बाबांची लोखंडी पेटी, पिठाचा डबा, दुकानातून आणलेले जुन्या याद्यांचे गठ्ठे. पंधरा दिवस आम्ही घरात गोदामातल्यासारखे वावरलो. कडा तशाच होत्या, आणि पेटीच्या चार पायांचे चार खड्डे नवीन पडले. मग दुकानात येणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं की फुगलेलं लाकूड इस्त्रीने बसतं. ते स्वतः शिंपी होते, हे मला नंतर कळलं. आता इस्त्रीचं आणि माझं जमत नाही हे तुला वेगळं सांगायला नको. पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून मी ही दवाखान्यात गेलेली बघून, वर सुती कापड घालून, गुडघ्यांवर बसून जमिनीला इस्त्री केली. दोन मिनिटं सगळं छान चाललं. तिसऱ्या मिनिटाला सागवानाच्या फोटोला फोड आला, बरोबर इस्त्रीच्या आकाराचा, टोकासकट. मी त्यावर पायपुसणं टाकलं. हिने आल्या आल्या विचारलं, "खिडकीखाली पायपुसणं कशाला? खिडकीतून कोण येणार आहे?" रात्री मी खाली मान घालून जेवलो.

त्यानंतर पॉलिश. फुगवटा जात नाही तर निदान चमक तरी येऊ दे, असं माझ्या मनाने घेतलं. पुस्तिकेत सहाव्या नियमात लिहिलंय की मेण आणि पॉलिश लावू नये, पण मी तोपर्यंत पाचव्या नियमाने इतका दमलो होतो की सहाव्यापर्यंत पोहोचलोच नव्हतो. लाकडी कपाटाला लावतात ते पॉलिश मी सगळ्या हॉलला लावलं. चमक आली, खोटं कशाला बोलू. इतकी आली की मी चहाचा ट्रे घेऊन हॉलच्या दारातून निघालो तो थेट फ्रिजपाशी पोहोचलो, मध्ये एकही पाऊल न टाकता. तोंड नेमकं आठव्या नियमासमोर थांबलं. कप तीन होते, पैकी एक वाचला. सांडलेला चहा पुसताना मी हिला पुसलं नाही, म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली ती वेगळीच. ते पॉलिश उतरवायला मला तीन रविवार लागले, आणि फोन मी त्यातही तुला करतच होतो.

शेवटी ही म्हणाली, मिस्त्रींना बोलवा. ते गेल्या रविवारी येऊन गेले. तुला वाटत असेल, खराब झालेल्या चार पट्ट्या काढायच्या आणि चार घालायच्या, हाय काय अन् नाय काय. तसं नसतं. त्या एकमेकींचे हात धरून असतात. मधली हवी असेल तर भिंतीपासून एकेक सोडवत यावं लागतं, आणि भिंतीपाशी बाबांचं कपाट. कपाट मी आणि मिस्त्रींनी उचललं. (दोन अंगं दुखायची राहिली होती, म्हटलं होतं ना वर? त्या दिवशी तीही दुखली.) मिस्त्री पट्ट्या सोडवत खिडकीपर्यंत आले, फोम उचलला आणि थबकले. नाक वर करून म्हणाले, "साहेब, इथं कुणाला सर्दी झाली होती का? नीलगिरीचा वास येतोय." आता मिस्त्रींच्या नाकाला काय वाटेल ते वाटतं, आयुष्यभर भुसा हुंगलेला माणूस तो. मी लगेच विषय बदलला आणि त्यांना पाणी हवंय का विचारलं. त्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून पाणी हा शब्द काढायला नको होता. ही आधी खड्ड्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली.

पण ताई, मला तुला सांगायचं होतं ते दुसरंच. फोम निघाला आणि खाली आपली फरशी दिसली. तीच, करड्या ठिपक्यांची. दीड वर्षात मी तिला विसरूनच गेलो होतो. खिडकीखालची ती कोपरा उडालेली फरशीही तशीच आहे. मी आठ वर्षांचा होतो, बाबा कामावरून यायच्या आत त्यांच्या शर्टाला इस्त्री करून दाखवायची म्हणून टेबलावर चढलो होतो, आणि इस्त्री हातातून सुटली. बाबा आले, टवका बघितला, कुणी केलं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, माझ्या हातून पडली. बाबांनी तुला शाळेच्या सहलीला पाठवलं नाही. सगळ्या मुली गेल्या आणि तू त्या दिवशी घर पुसलंस, टवक्याभोवती हळू हात फिरवत, कपच्या टिपत, मला त्या लागू नयेत म्हणून. मी तिथेच बसून बघत होतो. गेल्या रविवारी मिस्त्री हातोडी घेऊन समोर उभे होते, आणि मी त्या फरशीपाशी उकिडवा बसलो तो मला उठवेना. पाय दुखतात म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

तर सध्या परिस्थिती अशी की खराब पट्ट्या काढून झाल्या आहेत आणि तो रंग आता बनतच नाही, असं मिस्त्री सांगतात. जवळचा रंग घातला तर ठिगळ दिसेल, आणि हिला तर ते दवाखान्यातूनही दिसेल. म्हणून खिडकीखालचा तेवढा तुकडा उघडाच आहे, वर पुठ्ठा टाकला आहे. ही त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही असं नाही, बोलते, पण "असू दे" म्हणायची बंद झाली आहे, त्याची मला जास्त धास्ती वाटते. बाकी विशेष काही नाही. दाजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप, बसून पुसू नकोस. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल, पण येत्या रविवारी निदान दाजींच्या मागून खोकून तरी दाखव, म्हणजे तू घरात आहेस एवढं कळेल.

तुझा,
बारक्या
(वजन चौऱ्याऐंशी किलो)

ता. क. दाजींनी तुझ्याबरोबर माझ्या पायांसाठी नीलगिरीच्या तेलाची बाटली पाठवली होती, ती संपली. नवी पाठवू नका म्हणावं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. ताई, ते पाणी तुझं नव्हतं. तू पुसलंस त्याच्या आदल्या संध्याकाळी तू खाली फिरायला गेली होतीस आणि ही दवाखान्यात होती. माझे पाय इतके दुखत होते की मी टबात गरम पाणी घेतलं, दाजींच्या तेलाचे चार थेंब घातले आणि खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत बसलो. फोन वाजला. उठायला गेलो तर खुर्ची मोज्यांवरून घसरली आणि टब आडवा झाला, सगळाच्या सगळा. मी पेपरने पुसलं, मग स्वतःच्या बनियनने पुसलं, वरून कोरडं दिसायला लागलं. सुटलो म्हटलं! पण पाणी सांध्यांतून खाली गेलं होतं आणि रात्रभर आपलं काम करत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही दारात उभी राहून तुझ्या बादलीकडे बघत होती, तेव्हा मी तिच्या मागे पिशवी घेऊन उभा होतो. त्या वेळी माझ्या तोंडात ब्रश नव्हता. तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. स्टँडवरही फुटला नाही. छप्पन्न वर्षांचा घोडा झालो, पण इस्त्री पडली की अजून तुझ्याकडेच बघतो. मला फार लाज वाटते, ताई.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तू ये. पण एवढं कर, हिला यातलं काही बोलू नकोस. तुझ्यावरचा तिचा राग आता गेला आहे, माझ्यावरचा अजून सुरू व्हायचा आहे. तू आपली दोन बादल्यांची गुन्हेगार म्हणूनच ये, मी पुढेमागे चांगली वेळ बघून तिला सांगेन. मागे एकदा सांभाळून घेतलंस तसं एवढ्या वेळी घे. (हे वाचून माझं मलाच कसंतरी झालं. खोडणार होतो, पण खोडलेलं हिला दिसतं.)

वन्सं, नमस्कार.

पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलंय. पुन्हा पुन्हा उघडल्यामुळे पाकीट आता चिकटत नाही, म्हणून वाचलं. सहज आठवण वगैरे काही नाही. कागद-पेन मी पुढ्यात ठेवलं आणि दुपारपासून मी समोर बसले आहे.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुमचं फडकं गॅलरीतच राहिलं. ते पिळाच्या आकारात वाळलं होतं, दोरीसारखं. चार महिने मी यांच्या फडक्यावर काच दाबतेय, तसा पीळ यांना एकदाही जमला नाही. तुम्ही बादल्या दोन घेतल्यात, पण जमिनीला पाणी लागू दिलं नाहीत, हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. लोकांना बारीक दिसतं का ते तपासायचं माझं काम, आणि मला बादली एवढी मोठी दिसली की फडकं दिसलंच नाही. नंतर दिसलं, तेव्हा माझ्याच्यानं तुम्हाला फोन करवला नाही. ती चूक माझी, यांची नाही. त्या दिवशी "असू दे" म्हणाले, ते मी परत घेते. नीलगिरीचं मी बघून घेईन, तुम्ही मध्ये पडू नका. या वेळी यांना सांभाळून घ्यायचं नाही.

त्या रंगाच्या पट्ट्या मिळाल्या तरी आता बसवणार नाही. खिडकीखालची फरशी तशीच उघडी राहील, टवका उडालेली धरून. मिस्त्रींना कडेने पक्की पट्टी मारायला सांगितली आहे, म्हणजे तिथलं पाणी इकडे यायचं नाही. तुमचं फडकं तिथेच आहे, बादलीही. फ्रिजवरचा कागद मी काढून टाकला.

तेव्हा या. आल्यावर मला काही पुसू नका. पुसा.